दोन पेट्यांतले नाकतोडे

नाकतोड्याचे मागचे पाय चिमटीत धरून सर तो खिडकीच्या उजेडात उंच धरायचे आणि वर्गाकडं न बघता तीन शब्द टाकायचे, "कुळ? प्रजाती? जाती?" उत्तर आलं नाही, की नाकतोडा खाली आणि विद्यार्थी उभा.

नव्वदच्या दशकात बारामतीच्या एका कॉलेजात ते जीवशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि मी प्रयोगशाळा सहायक. असा माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. जगातली कुठली वस्तू कुठल्या खणात ठेवायची हे त्याला पक्कं ठाऊक असतं. वस्तूकडं बघायला मात्र त्याला सवड नसते.

मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी आडनाव विचारलं. मग गाव. "सांगवी," मी म्हणालो. मग वडील. "कारखान्यात फिटर आहेत." तरी त्यांची नजर माझ्यावरून हटेना. शेवटी मीच म्हणालो, "आम्ही बौद्ध, सर."

"असं! छप्पन्न सालचे."

माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली ते साल. माझा खण ठरला. पुढं त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला फक्त पुसण्यापुरता हात लावू दिला. किडे पकडायला मात्र मीच. जाळी घेऊन इंदापूरपर्यंतचे माळ मी तुडवायचो आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर सरांच्या वळणदार अक्षरात 'संग्राहक' म्हणून त्यांचंच नाव पडायचं. त्यांना ऊन सोसत नसे. सावलीत मुंग्या असल्या तर सावलीही सोसत नसे.

शेवटच्या वर्षाला शेळगावची सुनंदा होती. आजोबांपर्यंत तिच्या घरी मेंढरं होती, आता शेती. वनस्पतींच्या तासाला सरांनी पिवळ्या फुलांची फांदी वर धरली.

"तरवड," ती म्हणाली.

"हे काय नाव झालं?"

"आमच्यात तरवडच म्हणत्यात, सर."

"तुमच्यातलं नाव मेंढरांना सांगा. इथं लॅटिन."

वर्ग हसला. मीही हसलो. ते आठवलं की आजही स्वतःची शरम वाटते.

सरांचा सगळा मान दोन काचपेट्यांत होता. एकीत मोठे तपकिरी नाकतोडे, दुसरीत बारके हिरवे. हे हिरवे म्हणजे इंदापूर तालुक्यात सापडलेली नवीच जाती, असं त्यांनी जाहीर केलं होतं. निबंध एका तज्ज्ञाकडं पाठवून झाला होता आणि स्टाफरूममध्ये चहाबरोबर रोज ही जाती वाढली जायची.

एके दिवशी त्या पेट्यांपुढं सुनंदा थबकली. "सर, ह्या दोन जाती न्हाईत. ह्यो नर हाय, ही मादी. आमच्या माठाच्या भाजीच्या वाफ्यात ह्यो हिच्या पाठीवर बसलेला असतो. कवाबी या बघायला."

"म्हशीच्या पाठीवर बगळा बसतो," सर म्हणाले, "तो काय तिचा नवरा?"

त्या दिवशी वर्ग बराच वेळ हसत होता. पण सर विसरले नाहीत. सुनंदानं जर्नलमध्ये नर आणि मादी असंच लिहिलं, म्हणून त्यांनी सही केली नाही. सही नाही तर प्रात्यक्षिक परीक्षा नाही, म्हणजे वर्ष वाया. "दोन जाती असं लिहून आण," एवढंच म्हणाले.

"दादा, मी डोळ्यांनी बघितलंय. खोटं कसं लिवू?" तिनं मला विचारलं. रविवारी मी एसटीनं शेळगावला गेलो. तिच्या आईनं वाफा दाखवला. दुपारपर्यंत मी पाच जोड्या धरल्या, माठाच्या पाल्यासकट बरणीत घातल्या आणि तोंडाला फडकं बांधलं.

परीक्षेच्या दिवशी पुण्याहून बाहेरच्या परीक्षक बाई आल्या. ती बरणी मी त्यांच्याच टेबलावर ठेवली. बाईंनी चहाचा कप उचलला आणि तशाच वाकल्या. "अगंबाई, जोडी लागलीय की! हा इवलासा हिरवा आणि ती केवढी! पुष्कळ जण ह्यांना दोन जाती समजतात. मुलांना दाखवता ना हे?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली नाही.

"अर्थात," सर म्हणाले. "दरवर्षी दाखवतो." मग दाराबाहेर बिनसहीचं जर्नल छातीशी धरून उभ्या असलेल्या मुलीला त्यांनी हाक मारली, "सुनंदा, ये. सांग बाईंना."

तिनं सांगितलं. माठाच्या वाफ्यापासून सगळं, तिच्या बोलीत. ती बोलत असतानाच सरांनी जर्नल ओढून घेतलं आणि सही ठोकली.

"मुलगी तयार आहे हो तुमची," बाई म्हणाल्या.

"घडवावं लागतं," सर म्हणाले.

इतका निर्लज्जपणा मी पुन्हा कुणात पाहिला नाही.

संध्याकाळी कुलूप लावायला गेलो, तर सर एकटेच बसलेले. एकेक हिरवा नाकतोडा टाचणीसकट उपसून तपकिरी नाकतोड्यांच्या पेटीत लावत होते. उपसताना एकाचा पाय मोडला. "लोकांना सांगून झालं होतं रे," माझ्याकडं न बघता ते म्हणाले. मी पेटी धरून उभा राहिलो. तेवढ्यापुरती त्यांची कीव आली.

जूनमध्ये नवा वर्ग भरला. सर सांगत होते, "शेळगावला भर उन्हात बसून मी स्वतः हे निरीक्षण केलं." कीव तिथंच संपली.

निवृत्तीनंतर ते जळोचीला राहायला गेले आणि तीन-चार वर्षांत वारले. कॉलेजनं त्यांचा फोटो वऱ्हांड्यात लावला. सुनंदा तोवर इंदापूरला शाळेत शिक्षिका झाली होती. एकदा ती वर्ग घेऊन प्रयोगशाळा दाखवायला आली. फोटोपाशी एका मुलीनं विचारलं, "बाई, हे कोण?"

"आम्हाला शिकवायला होते."

"चांगलं शिकवायचे का?"

सुनंदानं फोटोकडं पाहिलं. मीही कान टवकारले.

"अक्षर सुंदर होतं," ती म्हणाली आणि मुलांना घेऊन पुढं गेली.