साहेबांनी माझ्या वर्गातले गट मोडले

आज डोकं फिरलंय माझं, मित्रांनो.

माझ्या पाचवीत गणिताला चौघाचौघांचे गट आहेत. नियम एकच: गटातल्या सगळ्यात कच्च्या पोराला समजलं नाही, तर गणित सुटलं नाही.

आज वर्ध्याहून तपासणीला साहेब आले. एरवी तोंड न उघडणारी पूनम भागाकारात अडली आणि तिनं शेजारणीला विचारलं. साहेब ओरडले, "कॉपी करून राह्यली का?"

"नाई सर, माझं कुठं चुकलं ते इचारून राह्यली."

साहेबांनी गट मोडून सगळ्यांना रांगेत बसवलं. पूनमनं वही मिटली.

मग शेरेबुकात हजेरीची टक्केवारी लिहायची वेळ आली. साहेबांनी सगळ्या पोरांसमोर हजेरीपट सोबतच्या बाबूकडे सरकवला, "काढून दे रे जरा."

सांगा, ही कॉपी नाही?