लालीची बंडी

पोळ्याच्या दिवशी हिंगणीत कोणाचा गोऱ्हा बुजला, पाठीवर झूल ठेवू देईना, की लोक रूपरावाकडे धाव घेत. रूपराव लगेच निघत नसे. आधी इस्त्रीचा पांढरा सदरा अंगात चढवायचा, बटणं गळ्यापर्यंत लावायचा, मग निघायचा. आरडाओरडा नाही की दोर आवळणं नाही. थोड्या वेळात तोच गोऱ्हा झूल घालून तोरणाखाली उभा असे.

गेल्या उन्हाळ्यात रूपरावाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं शाबूत राहिलं. भिंतीच्या आधारानं न्हाणीपर्यंत जाता येई. पण डावा हात आखडून छातीशी बसला तो बसलाच. दवाखान्यातून घरी आल्यावर बायकोनं, शकुबाईनं, त्याला सदरा घालायला घेतला. घाईघाईत आधी उजवा हात बाहीत घातला आणि मग डावा ओढला. खांद्यातून अशी कळ गेली की रूपराव ओरडला, "राहू दे! नाई पाह्यजे मले सदरा!"

त्या दिवसापासून लुंगी आणि खांद्यावर दुपट्टा, एवढाच त्याचा वेश. आणि सदऱ्याशिवाय जो कधी चौकात गेला नाही, तो उघड्या अंगानं कोणासमोर बसणार? कोणी भेटायला आलं की तो डोळे मिटून घ्यायचा. पुढे तर त्यानंच शकुबाईला सांगितलं, "कापूस वेचाले जातानी बाहेरून कडी घालत जाजो."

"घरात माणूस असून बाहेरून कडी? लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे."

मग रोज सकाळी कडी वाजायची, शकुबाईच्या चपलांचा आवाज गल्लीत विरायचा, आणि रूपराव खाटेवर पडून खिडकीच्या गजांतून दिसतील तेवढी माणसं बघायचा. दिसायची ती गळ्यापासून वर. मुलगा मुकेश बुटीबोरीच्या कंपनीत होता. तो फोनवर म्हणायचा, "बाबा, थोडं बाहेर बसत जा नं." रूपराव "हौ" म्हणायचा आणि फोन शकुबाईकडे द्यायचा.

थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. घरची कुत्री लाली जंगलाच्या बाजूला गेली होती. तिथं रानडुकरानं तिच्या पोटाला डाव्या बाजूनं सुळा मारला. सेलूहून गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी टाके घातले आणि बजावलं, "टाके चाटू द्यायचे नाहीत. अंगात काहीतरी घालून ठेवा. बाहेर तर अजिबात सोडू नका."

शकुबाईनं रूपरावाचं जुनं बनियान कापून बंडी शिवली. पुढच्या पायांसाठी दोन भोकं आणि पाठीवर बांधायला नाडे. दुसऱ्या दिवशी सकाळी निघता निघता तिनं लालीला गुडघ्यांत दाबलं, बंडी डोक्यातून ओढली, पाय भोकांत कोंबले आणि नाड्याला गाठ मारली. लाली दात दाखवत होती. "गप व! तुह्याच भल्यासाठी हाय," असं म्हणत तिनं दार लोटलं. कडी वाजली.

लाली आधी दगडासारखी उभी राहिली. मग एकदम उसळली. भिंतीला अंग घासलं, कोलांटी घेतली, आणि एक पाय भोकातून निघून गळ्याच्या कापडात अडकला. आता तिला उभंही राहता येईना. ती तीन पायांवर फरफटत गोल फिरत होती, आणि घशातून घुसमटल्यासारखा आवाज काढत होती.

"लाले! थांब, थांब व!"

ती ऐकते कुठली! बंडीवर रक्ताचा डाग उमटला, तसा रूपराव खाटेवरून उठायला गेला. हातानं खाटेची कड धरली, पण डावा पाय मुडपला आणि तो जमिनीवर आदळला. घसटत घसटत तिच्यापाशी पोचला. उजवा हात तिच्या मानेवर ठेवला आणि नुसता ठेवूनच दिला. तिचं धापणं जरा कमी झाल्यावर त्यानं नाड्याची गाठ दातांत धरली आणि बोटांनी सोडवली. पाय मोकळा झाला. लाली खाटेखाली शिरली.

रूपरावाला मात्र उठता येईना. दोनदा जोर करून पाहिला. फरशीचा गारठा पाठीत शिरत होता, दुपट्टा खाटेवरच राहिला होता.

तेवढ्यात खिडकीशी आवाज आला. "रूपराव! हायेस काय घरी? काहीतरी पडल्यावानी वाजलं."

तो तानबा होता. लहानपणापासूनचा सोबती. कडी बाहेरून होती, ती काढायची आणि आत यायचं, एवढंच त्याला करायचं होतं. रूपरावानं तोंड उघडलं. मग स्वतःकडे पाहिलं. उघडं अंग, गुडघ्यांवर गेलेली लुंगी, छातीशी चिकटलेला हात. त्यानं तोंड मिटलं. श्वाससुद्धा हळू घेतला. तानबानं गजांतून डोकावलं, आतल्या अंधारात त्याला काही दिसेना. तो "झोपला असन बाप्पा," असं पुटपुटला आणि गेला. त्याची पावलं लांब गेली, तसं रूपरावाला रडू फुटलं. लाली खाटेखालून बाहेर आली आणि त्याच्या पोटाला पाठ लावून निजली.

शकुबाई दिवस कलताना आली. तिनं कापसाचं ओझं दारातच टाकलं. "माय वं! केव्हाचे पडून हाय तुमी? हाक काऊन नाई मारली कोनाले?"

"उघडा होतो," तो म्हणाला.

शकुबाईनं त्याला बखोटीला धरून खाटेवर बसवलं, अंगावर गोधडी टाकली आणि चुलीपाशी गेली. रात्री गुरांचे डॉक्टर येऊन गेले. लालीचा एकच टाका सुटला होता.

दुसऱ्या दिवशी शकुबाईनं पुन्हा बंडी उचलली, तर रूपराव म्हणाला, "दे इकडे. झूल अशी घालत असतेत का?"

त्यानं बंडी लालीच्या भाकरीच्या थाळीखाली अंथरली. ती खाताना नाक लावून वास घेत होती, आपल्या धन्याचाच वास. मग तो घडी करून ती तिच्या पाठीवर ठेवायचा, भाकरीचा तुकडा द्यायचा आणि घडी काढून घ्यायचा. पुढे घडी उलगडून ठेवायला लागला. तोवर टाके चाटू नये म्हणून तिची मान मांडीवर धरून बसावं लागे. मांडी बधिर व्हायची. ती दाराकडे बघून कुंईकुंई करायची. "मलेही नाई जाता येत," तो तिला सांगायचा.

डोकं घालायची वेळ आली तेव्हा त्यानं गळ्याचं भोक हातानं पसरून धरलं आणि पलीकडून भाकरी दाखवली. तिनं आपणहून मान घातली. शकुबाई पाय उचलायला पुढे झाली.

"तो नाई. दुखऱ्या बाजूचा आधी. तो सैल कापडात सहज जाते. चांगला मंग वाकवता येते."

शकुबाईनं तसंच केलं. लालीनं अंग झटकलं, एकदा मागे वळून पाठ हुंगली आणि बसली.

शकुबाई तिथंच खाली बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "मी तुमचा चांगला हात आधी घालत होती नं."

तिनं पेटीतून सदरा काढला. आधी डावी बाही तिनं आपल्या हातावर गोळा केली, आखडलेली बोटं एकेक करून तिच्यातून बाहेर काढली, कापड सावकाश खांद्यापर्यंत नेलं. कळ आलीच, पण सोसवली. उजवा हात त्यानं स्वतः घातला. बटणं लावायला तिला वेळ लागला, कारण तिला नीट दिसत नव्हतं.

त्या दिवशी ती दार नुसतं लोटून गेली. तानबा दुपारी आला आणि दारात थबकलाच.

"ये," रूपराव म्हणाला. "बस."

तानबानं कोणाच्या तुरीवर अळी पडली ते सांगितलं, धरणाच्या पाण्याचं सांगितलं. जाताना म्हणाला, "चौकात येतं काय? मी धरतो तुले."

रूपराव उठला. भिंत धरत उंबऱ्यापर्यंत गेला. पुढे तीन पायऱ्या होत्या आणि खाली अख्खी गल्ली. लाली बंडी घालून त्याच्या पायाशी उभी होती. तो बराच वेळ त्या पायऱ्यांकडे बघत राहिला.

"आज नाई जमत, तानबा," तो म्हणाला.

तानबानं चपला पुन्हा काढल्या आणि तो उंबऱ्यावरच बसला.