रजतची घागर

धाम वॉरियर्स नावाची पगारी बास्केटबॉल टीम आपल्या वर्ध्यात होती, असं आज कोणाला सांगितलं तर तो आधी हसतो आणि मग विचारतो, ‘वर्ध्यात? कापसाच्या वर्ध्यात?’ हो बाप्पा, कापसाच्याच वर्ध्यात. पटत नसेल तर भाजीबाजारात जा. वांगे आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन एक साठीचा उंचापुरा माणूस पोत्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला दिसेल. बाजूचे भाजीवाले त्याला अजूनही ‘कोच’ म्हणतात. आंजी मोठी गावचा खुशाल तो. घराच्या प्रत्येक चौकटीवर त्याचं कपाळ आपटलेलं आहे, आणि शालूबाई, त्याची बायको, म्हणते, ‘या माणसाले देवानं उंची देल्ली, पण वाकाची अक्कल नाई देल्ली.’

क्लब सुरू झाला तो एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात. पूर्वी तिथं कापूस वाळत घालायचे, म्हणून सिमेंटचा गुळगुळीत ओटा आयताच होता. प्रभाकरराव म्हणून शाळेत कवायतीचे मास्तर होते, एकटा जीव, ना बायको ना लेकरू. त्यांनी दोन लोखंडी खांब रोवले, वर कड्या ठोकून जाळीऐवजी साखळ्या अडकवल्या आणि आजूबाजूच्या खेड्यांतले भाजीवाल्यांचे पोट्टे जमा केले. सकाळी बाजारात माल उतरवायचा आणि मग खेळायला यायचं. नाव काय, तर जय हनुमान क्रीडा मंडळ. नागपूरच्या इस्त्रीच्या चड्ड्या घातलेल्या टीमा या पोट्ट्यांना पाहून आधी दात काढायच्या आणि मग तोंड पाडून परत जायच्या. खुशाल त्यातलाच. चेंडू हातात आला की तो कोणाच्या बापाला देत नसे.

मग प्रभाकरराव वारले. पुढच्या वैशाखात अक्षय तृतीया आली. त्या दिवशी घराघरांत गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर आंबा ठेवतात, पत्रावळ वाढतात. पोट्ट्यांच्या मनात आलं, मास्तरांची घागर कोण भरणार? त्यांना तर कोणीच नाही. तेव्हा त्यांनीच एक कोरी घागर आणली, ओट्यावर खांबाच्या बुडाशी ठेवली आणि भरली. तेव्हापासून क्लबचा जो माणूस जाईल त्याची घागर तिथंच, मग घरी भरोत न भरोत. सूर्य बुडाला की सगळे वाकून पाहायचे. पाणी खाली गेलेलं असायचं. माणूस आला आणि पिऊन गेला, असं म्हणायचं आणि उरलेलं निंबाच्या झाडाला घालायचं. कोरी माती झिरपणारच, ऊन काय कमी असतं का, असं शहाणे सांगतात. सांगू द्या त्यांना. शहाण्यांना किशोरची गोष्ट ठाऊक नाही.

किशोर क्लबचा जुना खेळाडू, ट्रकवर गेला. गुजरातकडं ट्रक जळाला, किशोर त्यातच होता, अशी बातमी आली. घरच्यांनी डोकी आपटली. क्लबनं त्याची घागर भरली. संध्याकाळी पाहतात तर बाकीच्या सगळ्या घागरी उतरलेल्या आणि किशोरची काठोकाठ. थेंब हललेला नाही. पोळ्याच्या आत किशोर धडधाकट घरी आला. ट्रक दुसऱ्याला देऊन हा बहाद्दर मधेच उतरला होता! तेव्हापासून घागर खोटं बोलत नाही, ही गोष्ट क्लबात कोणाला समजावून सांगावी लागत नसे.

आता पगारी टीमचं. नागपूरचा ताराचंद शेठ नावाचा एक कापूस व्यापारी होता. त्याला कोणीतरी सांगितलं की क्रिकेटसारखीच आता बास्केटबॉलची लीग निघून राह्यली, टीम घ्या, नाव होईल. शेठनं जय हनुमान क्रीडा मंडळ उचललं, इथल्या धाम नदीवरून त्याचं धाम वॉरियर्स केलं. वॉरियर्स म्हणे! ज्यांच्या हाताला काल वांग्याचे काटे टोचले होते ते आज वॉरियर्स. पण एक खरं, पोट्ट्यांना महिन्याचा पगार सुरू झाला, करार झाले, एसी बस आली, बसवर प्रत्येकाचा फोटो. बाहेरून मोठा कोच आणला आणि मास्तरांच्या मागं क्लबात शिकवणाऱ्या खुशालला त्याच्या हाताखाली ठेवलं. खुशालला त्याचं काही वाटलं नाही. त्याला फक्त रजतचं पाहायचं होतं.

रजत समुद्रपूरचा, खुशालच्याच हाताखाली तयार झालेला. बाप लहानपणीच गेला, माय जयवंता दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून याला मोठं करत होती. हा पोट्टा हवेत उडाला की खाली यायचं विसरायचा. पहिल्या हंगामात नागपूरच्या स्टेडियममध्ये लोकांनी त्याच्या नावाचा घोष केला तेव्हा जयवंता पदरानं तोंड झाकून बसली होती. ‘नजर लागन वो माय,’ एवढंच म्हणत होती. खुशालला स्वतःचं लेकरू नव्हतं. त्या रात्री तो शालूबाईला म्हणाला, ‘मास्तरायले मी होतो तसा मले हा हाये.’ शालूबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तीन हंगाम चालली टीम. मग शेठचं मन उडालं, की लीगच बुडाली, ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. एक दिवस बस आलीच नाही. फोटो खरवडून ती आता लग्नाच्या वरातींना जाते. पोट्टे आपापल्या वाटेनं गेले, कोणी शेतात, कोणी दुकानात. रजतला मात्र खेळाशिवाय काही येत नव्हतं. दक्षिणेकडं एका टीमनं बोलावलं आहे म्हणाला. खुशालनंच त्याला गाडीवर बसवून वर्ध्याच्या स्टेशनावर सोडलं. ‘मायले सांगजा सर, पोचलो का फोन करतो.’ गाडी सुटली. फोन काही आला नाही.

मग काय काय नाही केलं! पोलिसांत तक्रार झाली. खुशाल जयवंताला घेऊन कुठल्या कुठल्या स्टेशनांवर उतरला, फोटो दाखवत फिरला. तशी कोणतीही टीम तिकडं नव्हतीच, एवढं कळलं. वर्षं गेली. लोक म्हणायचे, गेला असेल. खुशाल खवळायचा. ‘काऊन बे, तू पाह्यला का? नाई पाह्यला ना? मंग थोबाड बंद ठेव!’ दर अक्षय तृतीयेला तो ओट्यावर घागरी मांडायचा आणि रजतची मांडायचा नाही. तेवढ्यावर तो जगत होता म्हणा ना.

यंदा चैत्रात जयवंता आंजीला आली. म्हातारी झाली होती. ओसरीत बसली, पाणीही न पिता म्हणाली, ‘भाऊ, औंदा रजतची घागर भरा.’

खुशालच्या हातातली सांभाराची जुडी खाली पडली. ‘काय बोलून राह्यल्या, वैनी? जित्या माणसाची घागर भरू?’

‘किशोरची भरली होती ना?’

‘ते वेगळं होतं.’

‘काय वेगळं? भरून पाहा. भरलेली राह्यली तं माहं पोरगं कुठंतरी खाऊनपिऊन हाये, मी मरेपर्यंत वाट पाहीन, काही म्हणणार नाई. उतरली तं... मले समजू द्या, भाऊ. सकाळी उठली का पोळ्या दोन जणाच्या टाकू का एकाच्या, हेच मले समजत नाई.’

शालूबाईनं आतून डोळे पुसत मान हलवली. खुशालला हो म्हणावं लागलं.

अक्षय तृतीयेला उन्हानं कहर मांडला होता. खुशाल सकाळीच ओट्यावर पोचला, घागरी मांडल्या, हापशीचं पाणी भरलं, आंबे ठेवले. पूर्वी सगळे यायचे, आता दोघंचौघं आले, हात जोडून सावलीच्या ओढीनं घरी गेले. रजतची घागर त्यानं रांगेत नाही ठेवली, जरा बाजूला ठेवली. तिच्यावर आंबाही ठेवला नाही. जयवंता दुपारच्या एसटीनं येणार होती. खुशाल निंबाखाली टेकला.

दुपार टळटळीत झाली. अशा वेळी घराबाहेर राहू नये, बाहेरचं फिरत असतं, असं म्हातारी माणसं सांगतात ते उगाच नाही. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. कावळेसुद्धा पत्रावळीवर आले नाहीत. वारा तर मेलेला. आणि खांबावरच्या कडीची साखळी एकदा खळ्ळकन वाजली. खुशालनं वर पाहिलं. साखळी हलत होती.

त्यानं खाली पाहिलं. रजतची घागर गळ्यापर्यंत उतरली होती.

बाकीच्या घागरी तशाच भरलेल्या, नुकत्या भरल्यासारख्या. खुशाल उठला, घागर हातांनी चाचपली. तडा नाही. तळ कोरडा, खालचं सिमेंट कोरडं, तापलेलं. ‘झिरपली असन,’ तो मोठ्यानं म्हणाला, शहाण्यांसारखाच. बादली घेतली, हापशीवर गेला, आणून घागर काठोकाठ भरली. आणि मनाशी ठरवून टाकलं, जयवंता येईल तेव्हा घागर भरलेलीच दिसली पाहिजे. मग काहीही होवो. म्हातारीला वाट पाहू दे. वाट पाहणारं माणूस निदान दोन पोळ्या तरी टाकतं.

बादली ठेवून वळतो तोच घागर पुन्हा उतरलेली.

पुन्हा हापशी. पुन्हा बादली. आता त्याला ऐकू येऊ लागलं. पाणी घागरीत पडत होतं, पण पाण्यात पाणी पडल्याचा आवाज नव्हता तो. घटाघटा, घटाघटा. मधेच थांबायचा, दम घेतल्यासारखा, आणि पुन्हा सुरू. असा आवाज खुशालनं हजार वेळा ऐकला होता. सराव संपला की पोट्टे हापशीला तोंड लावून असेच प्यायचे. जुन्या वळणाच्या सगळ्या कोचांसारखा तोही खेळताना कोणाला पाण्याचा थेंब घेऊ देत नसे. पाण्यानं अंग जड होतं म्हणे! रजत तर ओठ चाटत उभा राहायचा, ‘सर, एकच घोट’ म्हणायचा, आणि हा ओरडायचा, ‘आधी खेळ, मंग पे.’

खुशालला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा, पळून जावं असं वाटत होतं. पण पाय हापशीकडंच वळले. आता तो जयवंताला फसवायला पाणी आणत नव्हता. ती येणार आहे हे त्याच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. पोट्ट्याला तहान लागली होती. कुठं पडला असेल, कोणत्या उन्हात, किती दिवसांची ही तहान, देव जाणे. ‘पे बापा, पे,’ खुशाल म्हणत होता आणि ओतत होता. ‘आज नाई थांबवत तुले. पाह्यजे तेवढं पे.’ हातांना हापशीच्या दांड्यानं फोड आले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंडानं तो रागवत होता, रजतला नाही, स्वतःला.

‘भाऊ.’

फाटकात जयवंता उभी होती. डोक्यावर पदर, हातात स्टीलचा डबा. एसटी येऊन गेलेली त्याला कळलीच नव्हती. खुशालनं घाईनं बादली घागरीत रिकामी केली, घागर तुडुंब झाली, आणि तो मधे आडवा उभा राहिला.

‘भरलेली हाये, वैनी,’ तो म्हणाला. ‘या, पाहा. काठोकाठ हाये. रजत जिवंत हाये. तुम्ही पाहा अन् लवकर घरी जा, ऊन लय हाये.’

जयवंतानं त्याचे ओले हात पाहिले, ओली बादली पाहिली, हापशीपासून ओट्यापर्यंत सांडत आलेलं पाणी पाहिलं. त्याला हातानं बाजूला सारलं आणि घागरीपुढं बसली.

दोघांच्या देखत पाणी खाली गेलं. हळूहळू नाही, सरसर गेलं. गळ्याच्या खाली, पोटापर्यंत, तळापर्यंत. तोच आवाज. मग आत ओली माती तेवढी उरली.

खुशालला वाटलं, ही आता छाती बडवेल. तिनं नाही बडवली. घागरीच्या गळ्याभोवती दोन्ही हात टाकले, पोराला अंगाशी घ्यावं तसे, आणि आत वाकून म्हणाली, ‘एवढी तहान लागली होती तं घरी काऊन नाई आला रे, बाबू? घरी पाणी नोतं का?’

खुशाल तिच्या मागं उभा राहून रडत होता, लहान लेकरासारखा, लाज सोडून. मग तिनं मान वर न करता बादली त्याच्याकडं सरकवली.

‘आणखी आणा, भाऊ. त्याचं पेणं व्हाचं हाये अजून.’

खुशाल बादली उचलून हापशीकडं पळाला.