लावणीच्या रजेची भाषा

कुंभिवलीजवळच्या आमच्या कागद कारखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा साहेबांनी त्याला पहिलंच काम दिलं ते लावणीच्या रजा वाटण्याचं. कामगार सगळे आसपासचे भातशेतीवाले. लावणी आली की निम्मा कारखाना न सांगता चिखलात उतरायचा आणि यंत्रं बंद पडायची.

ऑफिसात प्रोग्रॅम लिहिता येणारे आम्ही दोघंच. मी पळसदरीची, शेतकऱ्याची मुलगी. तो पुण्याचा, कडक इस्त्रीचा. तो म्हणाला, "कोबॉलच. कारखान्याला दुसरी भाषा शोभत नाही." मी म्हटलं, बेसिक. कोबॉलमध्ये मुद्द्यावर यायच्या आधीच पानंच्या पानं जातात, लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाआधी सगळे वडीलधारे येतात तशी. वर प्रत्येक ओळ ठरल्या रकान्यातच सुरू व्हायला हवी. एवढं नटेपर्यंत लावणी उरकायची! आमची अशी जुंपली की चहावाला कप ठेवून पळायचा.

शेवटी साहेब वैतागले. "ज्याचं आधी चालेल ते खरं."

माझं चाललं. रजा एकेकट्याला देऊन भागत नाही, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे सावड असते: आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. ज्या घरचं माणूस येत नाही, त्या घरच्या शेतात कोणी उतरत नाही. म्हणून मी सावडीप्रमाणेच गट पाडले आणि साहेबांना ऐटीत सांगितलं, "आता वशिला बंद. यादीत नाव असेल त्यालाच रजा."

यादी छापून निघाली. त्यात माझंच नाव नव्हतं. कामगारांची नावं भरली होती, ऑफिसातली भरायची राहून गेली होती!

"कोबॉल आधी कोण कोण आहे ते विचारतं," तो म्हणाला आणि पोट धरून हसला. साहेबही हसले. "तुमचाच नियम."

मला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. घरात मी आणि वडील दोघंच, त्यात त्यांची कंबर धरलेली. शेजाऱ्याच्या लावणीला आमच्याकडून कोणी गेलं नाही, तर आमचं शेत तसंच पडून राहणार होतं. हे मी त्याला चिडून ऐकवलं. दुसऱ्या दिवशी त्याची पुण्याला जायची रजा होती, यादीच्या आधीच मंजूर झालेली.

त्या संध्याकाळी मी तोंड पाडून घरी आले, तर वडील ओटीवर खुशीत बसलेले.

"तुज्या हापिसातला तो पोरगा आलता गं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. बोलला, मला या घरचाच समजा. लय हळू लावतो, सगळी हसत व्हती. पन रांग जरा बी वाकडी नाय! परवा सावड आपल्याकडं हाय."

मी शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन पाहिलं. एका कोपऱ्यातली रोपं अगदी रकान्यात उभी होती. मला हसू आलं आणि डोळेही भरले.

सकाळी तो कमरेत वाकून ऑफिसात आला. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी कोबॉल. शब्द दिला."

"कुठलीही भाषा घे," तो कण्हत खुर्चीत बसला, "पण पहिलं तुझं नाव घाल."