तात्या उभे राहत ते अंगण

आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, कुणासाठी उठून उभे राहत नसत. माझ्या लग्नात सासरे हात जोडून समोर आले, तेव्हाही त्यांनी खुर्चीतूनच "या, बसा" म्हटलं. तलाठी येवो, मतं मागायला कुणी पुढारी येवो, तात्या बसलेलेच. म्हातारपणी बदलापूरच्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा सोसायटीच्या झेंडावंदनाला तेवढे उभे राहिले. पण सेक्रेटरीचा गैरसमज नको म्हणून, हे झेंड्यासाठी, तुझ्यासाठी नाही, असं त्याला आधी सांगून. विचारलं की म्हणत, "उभं राहायचं तर वर्षातून एकदा. पण नीट."

ते एकदाचं उभं राहणं आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. आमची थोडी भातखाचरं बारवी धरणाच्या बाजूला अजून आहेत. नवं भात घरात आलं की पहिली पायली वाडीवरच्या हिराबाई ठाकरणीच्या घरी जायची. त्याआधी घरात नव्या तांदळाचा दाणा शिजत नसे. लहानपणी मी एकदा चोरून नव्या तांदळाची पेज प्यायलो, तर तात्या दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला बडवलं असतं तर परवडलं असतं.

हिराबाईच्या अंगणाबाहेर ते चपला काढत आणि पायली धरून उन्हात उभे राहत. तिची झाडलोट व्हायची, कोंबड्यांना दाणे टाकून व्हायचे, मग ती म्हणायची, "बस." तेव्हा तात्या बसत. आम्ही याला तात्यांचं औदार्य म्हणायचो. गरिबाला आधी घास. किती मोठं मन!

आमच्या घराण्याची कथा सांगायचं काम माझ्याकडे आहे. नेमलं कुणी नाही, पण लग्नाच्या पंगतीत मला गप्प बसवता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. मूळपुरुष राघोजी देशावरून दुष्काळात घाट उतरले, कुऱ्हाडीने रान तोडलं, दगड वेचले, पहिलं खाचर बांधलं. पुढे कथेला चव कमी वाटली म्हणून एका बारशाला मी त्यात वाघ घातला. तो लोकांना आवडला. मग तो दरवर्षी मोठा होत गेला. तात्या ऐकून नुसतं खाली बघत. मला वाटायचं, गहिवरले.

यंदा कुलसंमेलन ठरलं आणि मी चाळीस पानांची पुस्तिका लिहिली. छापायच्या आधी तात्यांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "रिक्षा बोलाव."

हिराबाईच्या अंगणात ते नेहमीसारखे उभे राहिले. हातात पायली नव्हती, माझी पुस्तिका होती. तिने बसवल्यावर म्हणाले, "बाय, याला सांग."

तिने तांदूळ निवडता निवडता सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या गावची बातमी सांगावी तसं. राघोजी उपाशी आला तेव्हा खाचरं होतीच. तिच्या खापरपणज्याने रान तोडून केलेली. त्याने याला जेवू घातलं, एक कोपरा कसायला दिला. पुढे सरकारी मोजणीची माणसं आली. वेठीला धरतील या भीतीने वाडीतले सगळे रानात पळाले. बांधावर राघोजी एकटा उरला. साहेबाने विचारलं, हे कुणाचं?

"म्हनला, माजं," हिराबाई म्हणाली. "येवढंच म्हनला."

वाडीतली माणसं परत आली तेव्हा सगळी खाचरं कागदावर राघोजीची झाली होती. त्याने कागद फिरवला नाही. फक्त कबूल केलं, की दरवर्षी पहिलं माप खऱ्या धन्याच्या दारात पोचेल, आणि धनी बस म्हणेपर्यंत आमचा माणूस उभा राहील.

चाळीस पानं, आणि त्यात ज्याला मी औदार्य म्हटलं होतं तो दुसऱ्याचा वाटा होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि वाघ?"

"वाग कुटला रं?" हिराबाई म्हणाली.

परतताना रिक्षात मी तात्यांवर चिडलो. इतकी वर्षं का नाही बोललात? ते म्हणाले, "धीर नव्हता. तू वाघ घातलास तेव्हा बरं वाटलं. लोक वाघाकडे बघतील, कुऱ्हाड कुणाची ते कोण विचारतंय?"

"मग आताच का?"

"तोंडाने सांगत होतास तोवर गोष्ट होती. छापलंस की कागद होतो. एका कागदाने काय केलं ते ऐकलंस ना?" मग म्हणाले, "संमेलनात तूच सांग. मी बसून ऐकेन."

ते ऐकायला राहिले नाहीत. संमेलनाच्या तीन आठवडे आधी दुपारच्या झोपेतच गेले.

पुस्तिका छापली नाही. बदलापूरच्या हॉलमध्ये दीडशे नातेवाइकांपुढे मी हिराबाईने सांगितलं तसंच सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गोष्टीला कुणी हसलं नाही. जेवणाच्या रांगेत उल्हासनगरचा चुलतभाऊ कानाशी येऊन म्हणाला, "भाई, खानदान की इज्जत होती यार. काय गरज होती?" एका आत्याने माझ्याकडे न बघता आपलं ताट पुढे सरकवलं.

परवा नवं भात आलं. पायली घेऊन मी गेलो. चपला बाहेर काढल्या, उभा राहिलो. हिराबाईची झाडलोट झाली. कोंबड्या खाऊन गेल्या. माझे गुडघे तात्यांचे नाहीत, ते बोलायला लागले. अखेर तिने मान वर केली.

"सांगितलास का समद्यांना?"

"सांगितलं."

"वागासकट?"

"वाघाशिवाय."

तिने माझ्या हातातून पायली घेतली, सुपात ओतली, तळाशी चार दाणे ठेवून परत दिली.

"बस मंग," ती म्हणाली.