सगुणाबाईंचा डबा

बदलापूरच्या आमच्या पशुखाद्याच्या कारखान्यात सगुणाबाईंचं काम एकच. गोळी गार करणाऱ्या कूलरच्या तोंडाशी उभं राहायचं, खाद्याच्या गोळ्यांत कोपरापर्यंत हात घालायचा आणि "भरा" किंवा "थांबा" म्हणायचं. प्रेसमधून गोळी निघते ती चटका बसेल इतकी गरम. गार झाल्याशिवाय ती पोत्यात जाता कामा नये. एकोणीस वर्षं मी बाईंच्या हुकुमावर पोती शिवली. बाई जवळच्या चिखलोली गावच्या, तोंडाने फटकळ. मालकालासुद्धा त्यांनी एकदा भरलेल्या पोत्यावरून उठवलं होतं.

मग नवे मॅनेजर राजेंद्र साहेब आले. वय सव्वीस, शर्टाला कडक इस्त्री, हातात ओलावा मोजायचं यंत्र. यंत्राला हळदकुंकू वाहिलं आणि बाईंना म्हणाले, "सोमवारपासून तुम्ही झाडूवर." बाईंनी हाताला लागलेला भुसा पदराला पुसला. मला फार वाईट वाटलं.

त्याआधीच, शनिवारी ट्रक दारात येऊन उभा राहिला. घाई म्हणून साहेबांनी गोळी गार करायची वेळ निम्म्यावर आणली. यंत्राने आकडा दाखवला बारा टक्के. साहेब खूश.

"साहेब, गोली गरम हाय," हात बाहेर काढत बाई म्हणाल्या. "पोत्यान पानी सुटंल."

"आजी, ओलावा बरोबर आहे. मशीन खोटं बोलत नाही."

'आजी' म्हणणं साहेबांना भोवणार, हे आम्ही सगळेच समजलो.

बाईंनी पिशवीतून आपला डबा काढला. भाकरी आणि सुकट माझ्या हातात दिली. डब्यात कूलरखालच्या गोळ्या भरल्या, झाकण दाबून लावलं आणि डबा साहेबांच्या टेबलावर, थेट फायलीवर ठेवला.

"गरम भाकर डब्यान कोंबली का काय होतं, ते आयशीला इचारा. जेवून आल्याव उघडा."

तोवर मी चाळीस पोती शिवली होती. बाईंची सुकट मात्र झकास होती.

जेवून आल्यावर साहेबांनी झाकण उघडलं. आतून पाणी ओघळलं. वरची गोळी बोटाने दाबली तर तिचा भुगा झाला. साहेबांनी यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जसं काही पाणी मीच ओतलं होतं.

"सगळी पोती उसवा," ते म्हणाले. ट्रकवाल्याने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी उसवत बसलो.

संध्याकाळी साहेब कूलरपाशी आले. "सोमवारी तुम्ही इथेच उभ्या राहा," खालमानेने म्हणाले.

बाईंनी डबा पुढे केला. "आधी यो धुवून दे, नातवा."

साहेबांनी नळावर जाऊन धुतला. सुकटीचा वास जाईना, म्हणून बाईंनी त्यांना पुन्हा पाठवलं.