पिवळ्या भिंतीवरची खुर्ची

दाजी रंगारी, त्यांना कोरी जागा बघवत नसे. घराचं दार रंगवायला घेतलं, की बिजागऱ्या, कडी, शेजारचा पाण्याचा नळ, सगळ्यांवरून ब्रश फिरायचा. "मी आपली बाजूला होते," बायको म्हणायची, "नाहीतर मलाही एक हात माराल." त्यांचा मेहुणा गोंदाच्या कारखान्यात गोदाम सांभाळायचा. त्याचे ते दाजी, म्हणून अख्ख्या कारखान्याचे दाजी झाले.

कारखान्याने नवा गोंद काढला होता. नुसत्या जाहिरातीकडे कोण बघतंय, लोकांच्या माना वर झाल्या पाहिजेत, असं मार्केटिंगच्या बाईंनी ठरवलं. चौकातल्या इमारतीच्या बिनखिडक्यांच्या भिंतीवर, तिसऱ्या मजल्याच्या उंचीला, फक्त गोंदाने खुर्ची चिकटवायची. खिळा नाही, बोल्ट नाही. आणि तिच्यात जिवंत माणूस बसवायचा. कारखान्याच्या आवारातल्या भिंतीवर खुर्ची चिकटवून, तिच्यात वाळूची पोती ठेवून चाचणी झाली; खुर्ची तसूभर हलली नाही. बसायला मेहुणाच पुढे झाला.

"डब्यावर माझा फोटो येणार, दाजी! ताईला सांगा, आता जरा मानाने बोलायचं."

भिंत पिवळी करायचं काम दाजींकडे आलं. खुर्चीच्या पाठीला मारलेले पत्रे चिकटवायला दोन चौकोन कोरे सोडा, एवढं इंजिनिअरने बजावलं होतं. का, ते त्याने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. सोडले चौकोन. पण संध्याकाळी खाली उतरून बघितलं आणि त्यांच्या जिवाला चैन पडेना. झळझळीत पिवळ्यात ते दोन करडे चट्टे! लोक म्हणतील, रंगाऱ्याने काम अर्धवट टाकलं. दाजी परत वर चढले आणि चौकोन भरून मोकळे झाले.

सकाळी खुर्ची लावणारे आले. भिंत सगळीच पिवळी; तशीच ठरली असेल, म्हणून मापं घेऊन त्यांनी रंगावरच पत्रे चिकटवले.

दुपारी चौकात मुंगीला वाट नव्हती. खुर्चीखालची जागा तेवढी दोर लावून मोकळी ठेवली होती. मेहुणा क्रेनच्या पाळण्यातून वर गेला आणि ऐटीत खुर्चीत बसला. कमरेला दोर नाही. दोर दिसला की सगळी मजाच गेली, असं बाईंचं म्हणणं. फोटोत येऊ नये म्हणून पाळणाही खाली आला. टाळ्या पडल्या.

दाजींनी कौतुकाने मान वर केली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. वरच्या पत्र्याच्या कडेला रंगाला सुरकुती पडली होती, तापल्या दुधावरच्या सायीला पडते तशी. रंग वरून सुकलेला, आतून कच्चा. गोंदाने रंग घट्ट धरला होता; रंगाने भिंत कुठे धरली होती?

ते गर्दी कापत बाईंपाशी पोचले. "पाळणा वर न्या. त्याला उतरवा."

"दाजी, कॅमेरे चालू आहेत! आत्ताच तर बसलाय तो."

"ते चौकोन मी रंगवले, बाई. कोरे ठेवायचे होते. मीच रंगवले."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा वर बघितलं. मग क्रेनवाल्याला हात केला. दाजी पाळण्यात चढले.

पाळणा इतका सावकाश चढत होता, की दाजींना त्याला खालून ढकलावंसं वाटलं. खरं सांगितलं तर हा घाबरून उडी घेईल, आणि त्या हिसक्यानेच खुर्ची सुटेल. दाजींनी ओढूनताणून हसू आणलं.

"काय हो दाजी? इतक्यात?"

"तुझ्या ताईचा फोन आलाय. खाली धरलाय. लगेच बोलायचंय म्हणते."

"आत्ता? ही ताई ना!"

"हळू ऊठ. हात दे. शहाण्यासारखा, हळू."

मेहुण्याचा एक पाय पाळण्यात आला. भिंतीतून कागद टरकन फाटावा तसा आवाज झाला. दाजींनी त्याच्या शर्टाला धरून त्याला आत ओढलं, दोघं एकमेकांवर आदळले, आणि खुर्ची खाली मोकळ्या जागेत जाऊन फुटली. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. टाळ्यांचा कडकडाट झाला.

खाली आल्यावर मेहुण्याने आधी फुटलेल्या खुर्चीकडे बघितलं. तो फुटपाथवर बसला. "तुम्हाला माहीत होतं?"

"वर येण्याआधी कळलं."

"मग हसत काय होतात?"

"रडत आलो असतो तर तू उतरला असतास?" मग दाजींनी चौकोनांचं सगळं सांगून टाकलं.

तेवढ्यात बाई खुर्चीचा तुकडा घेऊन आल्या. पत्रा लाकडाला तसाच घट्ट आणि पत्र्यावर पिवळ्या रंगाचं सालपट. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे चमकत होते. "बघा, गोंद सुटलेला नाही! हे हातात धरून उभा राहा, फोटो काढू. डब्यावर हाच घेऊ."

"नको," मेहुणा म्हणाला. "डबा तुमचा तुम्ही बघा." त्याने दाजींची रंगाने माखलेली बाही घट्ट धरली होती, घरापर्यंत सोडली नाही.